टाईप २ मधुमेह आणि कोरडे डोळे: खुपायची वाट न बघता काय करायचं

शुगरचं निदान झालं की पाय जपा, किडनी तपासा, डोळ्यांचा पडदा दाखवून घ्या, हे सगळं एका दमात सांगितलं जातं. अश्रूंबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. डोळे चुरचुरायला लागले की आपणही मोबाईल जास्त झाला, जागरण झालं, नंबर वाढला असेल असं म्हणून विषय सोडून देतो. टाईप २ मधुमेह असणाऱ्यांमध्ये डोळे कोरडे पडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. मधुमेह जितका जुना आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) जितकं चढं, तितकी ही शक्यता वाढत जाते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. मधुमेहात डोळा कोरडा आहे की नाही हे डोळ्याला काय वाटतंय यावरून ठरवायचं नाही, तपासून ठरवायचं. असं का, हे कळायला अश्रूंचं काम थोडं समजून घ्यावं लागेल.

अश्रू कमी का पडतात

रडताना गालावर येतात तेवढेच अश्रू नव्हेत. डोळ्यावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर कायम पसरलेला असतो आणि दर वेळी पापणी लवली की तो नव्याने सारवला जातो. त्यात तीन गोष्टी असतात. तळाशी डोळ्याला धरून राहणारा चिकट म्यूकस, मध्ये पाणी आणि ते उडून जाऊ नये म्हणून वर तेलाचा पापुद्रा. पाणी येतं वरच्या पापणीच्या आत, बाहेरच्या बाजूला असलेल्या अश्रुग्रंथीतून. तेल येतं पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून. म्यूकस तयार होतो पांढऱ्या भागावरच्या आवरणातल्या पेशींत.

मधुमेह या तिन्ही ठिकाणी त्रास देतो. अश्रुग्रंथीचं काम मंदावतं, तेल घट्ट होऊन कडेलाच अडकतं, म्यूकस बनवणाऱ्या पेशी कमी होतात. पण माझ्या मते खरा घोटाळा नसांमध्ये आहे. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक भाग, हा शरीरातल्या सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक आहे. त्यात बारीक नसांचं दाट जाळं असतं. 'इथे कोरडं पडलंय' असा निरोप या नसा मेंदूला देतात, तेव्हा अश्रू येतात आणि पापणी लवते. जास्त साखरेने तळपायाच्या नसा जशा बधिर होतात, तशा याही होतात. मग निरोप जात नाही, अश्रू कमी येतात, पापणी कमी लवते, आणि खुपणंही जाणवत नाही.

म्हणजे आजार वाढतो तशी तक्रार कमी होऊ शकते. 'मागच्या वर्षी डोळे फार चुरचुरायचे, आता बरं आहे' असं सांगणाऱ्या माणसाचा कॉर्निया तपासावा तर त्यावर ओरखड्यांसारख्या कोरड्या जागा सापडतात, हे म्हणूनच घडतं. ज्यांच्या तळव्यांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी ज्यांना कळत नाही, त्यांनी तर डोळ्यांना काही होत नसलं तरी ही तपासणी पुढे ढकलू नये.

पहिली पायरी: लक्षणं नीट वाचा

रेती गेल्यासारखं खुपणं, चुरचुर, संध्याकाळी डोळे जड होणं, सकाळी पापण्या चिकटलेल्या असणं, उजेड न सोसणं ही ओळखीची लक्षणं. यात एक लक्षण लोकांना पटतच नाही: डोळ्यांतून पाणी वाहणं. 'पाणी येतंय, मग कोरडे कसे?' असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. डोळा कोरडा पडून चिडला की एकदम भरपूर पाणी सुटतं, पण ते नुसतं पाणी असतं. तेल आणि म्यूकसची जोड नसल्यामुळे ते डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळतं. दुचाकीवरून जाताना वाऱ्याने सारखं पाणी येत असेल तर हा विचार जरूर करा.

दुसरं लक्षण म्हणजे मधूनच धूसर दिसणं. मधुमेहात याची निदान दोन कारणं असू शकतात आणि घरच्या घरी थोडा फरक ओळखता येतो. वाचताना अक्षरं धूसर झाली की पापण्या दोन-तीनदा पूर्ण मिटून उघडा. अक्षरं लगेच स्वच्छ झाली आणि थोड्या वेळाने पुन्हा धूसर झाली, तर अश्रूंचा थर फाटतोय असं समजायला जागा आहे. पापण्या मिटूनही काही फरक पडत नाही, धूसरपणा कित्येक दिवस तसाच राहतो, तर साखरेच्या चढउतारामुळे डोळ्याच्या आतल्या भिंगाची फुगवट बदललेली असू शकते. औषध नव्याने सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत असं बऱ्याचदा होतं. त्या काळात घाईने नवा चष्मा करू नका. साखर स्थिरावली की नंबर पुन्हा बदलतो आणि पैसे वाया जातात. आणि धूसरपणा एकाएकी आला असेल तर घरी ताडून बघत बसू नका, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

दुसरी पायरी: गोळ्यांची यादी काढा

डॉक्टरांकडे जाण्याआधी रोजच्या सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहा. शुगरच्या, बीपीच्या, सर्दीच्या, झोपेच्या, सगळ्या. सेटिरिझिनसारख्या सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या अश्रू कमी करतात. बीपीच्या अनेक गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, त्यानेही कोरडेपणा येऊ शकतो. पायांची आग आणि मुंग्या यांसाठी अनेकांना अ‍ॅमिट्रिप्टिलीन दिलेलं असतं, तेही डोळे आणि तोंड कोरडं करतं. काचबिंदूचे थेंब चालू असतील तर तेही लिहा. यातली कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. यादी बघून काय बदलता येईल हे डॉक्टर ठरवतील.

तोंडही सतत कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर तेही त्याच कागदावर लिहा. शोग्रेन नावाच्या वेगळ्या आजारात असं होतं, आणि तो शुगरच्या नावाखाली झाकला जाऊ शकतो.

तिसरी पायरी: तपासणी मागून घ्या

टाईप २ मधुमेहात निदान झाल्या झाल्या आणि पुढे साधारण दर वर्षी बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासायचा असतो. ती तपासणी झाली म्हणजे कोरडेपणाही तपासला गेला असं नाही. पडदा डोळ्याच्या मागे आहे, अश्रू पुढे. दोन्ही एकाच भेटीत होऊ शकतं, पण क्रम महत्त्वाचा आहे. बाहुली मोठी करण्याचे थेंब डोळ्यांत पडले की अश्रूंच्या चाचण्यांना अर्थ राहत नाही. म्हणून आत गेल्या गेल्या, थेंब घालणाऱ्या ताईंनी बाटली हातात घेण्याआधीच सांगा: 'मला शुगर आहे, डोळे कोरडे आहेत का तेही बघायचंय.'

शर्मर चाचणीत ५ मिलिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर लांब अशी टिपकागदाची पट्टी घेतात. तिचं टोक दुमडून खालच्या पापणीच्या आत, बाहेरच्या कोपऱ्याकडे अडकवतात. पट्टी गालावर लोंबत राहते, थोडं खुपतं, पण दुखत नाही. ५ मिनिटं डोळे मिटून शांत बसायचं. मग ओल कुठपर्यंत पोहोचली ते पट्टीवर मोजतात. १० मिलिमीटरच्या वर असेल तर सहसा ठीक, ५ किंवा त्याहून कमी असेल तर अश्रू चांगलेच कमी आहेत. आकडा एकाच माणसात आज वेगळा, उद्या वेगळा येऊ शकतो, म्हणून फक्त त्यावर निकाल लावत नाहीत.

दुसऱ्या चाचणीत फ्लोरेसिन नावाचा नारिंगी-पिवळा रंग डोळ्याला लावतात आणि निळ्या प्रकाशात यंत्रातून बघतात. पापणी न लवता बघत राहायला सांगतात आणि अश्रूंचा थर किती सेकंदांनी फाटतो ते मोजतात. १० सेकंदांच्या आत फाटला तर तो टिकाऊ नाही. याच रंगाने कॉर्नियावरच्या सोललेल्या जागाही हिरव्या चमकतात. मधुमेही माणसासाठी मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण डोळा गप्प असला तरी रंग बोलतो.

आणखी एक साधी चाचणी विचारून घ्या. कापसाचा बारीक तंतू कॉर्नियाला हलकेच लावून संवेदना शाबूत आहे का ते बघतात. ही चाचणी बधिर करणारे थेंब घालण्याआधीच करावी लागते. चष्म्याच्या दुकानातल्या नंबर तपासणीत यातलं सहसा काहीच होत नाही.

बाहुली मोठी केल्यावर काही तास जवळचं दिसत नाही, उजेड डोळ्यांत जातो. त्या दिवशी गाडी स्वतः चालवत जाऊ नका, सोबत कोणीतरी न्या.

चौथी पायरी: थेंब कोणते

सुरुवात बहुतेकदा कृत्रिम अश्रूंनी होते. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, हायप्रोमेलोज, सोडियम हायालुरोनेट ही त्यातली नेहमीची घटकद्रव्यं. नावं पाठ करायची गरज नाही, पण बाटलीवर प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे थेंब खराब होऊ नयेत म्हणून घातलेलं रसायन, कोणतं आहे हे वाचायची सवय लावा. बेन्झाल्कोनियम क्लोराईड असलेले थेंब दिवसातून अनेक वेळा, महिनोन् महिने घातले तर तेच डोळ्याच्या वरच्या पेशींना त्रास देतात. मधुमेहात या पेशी आधीच नाजूक असतात आणि जखम भरायला वेळ लागतो. दिवसातून ४ पेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब मागा. ते महाग पडतात हे खरं, तरी शक्य असेल तर तिथे काटकसर करू नये.

रात्रीसाठी जेल किंवा मलम देतात. त्याने थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून अगदी अंथरुणावर पडतानाच घालायचं. सूज जास्त असेल तर सायक्लोस्पोरीनचे थेंब लिहून देतात. ते सुरुवातीला झोंबतात आणि फरक दिसायला काही आठवडे ते महिने लागतात. 'पंधरा दिवस घातले, काही उपयोग नाही' म्हणून बरेच जण ते सोडून देतात, आणि तिथेच उपचार फसतो. पाणी फारच कमी असेल तर अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रात छोटं बूच बसवतात, म्हणजे आहे ते पाणी डोळ्यात टिकतं.

मेडिकलमधून काय आणू नये, हेही सांगायलाच हवं. लाली घालवणारे थेंब रोज घालू नयेत. आणि शेजाऱ्याला लागू पडलेले स्टेरॉईडचे थेंब तर अजिबात नाहीत. त्यांनी एक-दोन दिवसांत छान वाटतं, पण ते चालूच ठेवले तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो आणि बुरशीचा संसर्ग असेल तर तो भडकतो. डॉक्टरही कोरडेपणासाठी कधी कधी स्टेरॉईड देतात, पण मोजक्या दिवसांसाठी आणि दाब तपासत.

मध, गुलाबपाणी, तूप, एरंडेल, कांद्याचा रस यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. सांगणाऱ्याची माया खरी असते. पण यातलं काहीच निर्जंतुक नसतं, आणि बधिर कॉर्नियाला आग झाली तरी कळत नाही. स्वतःचं इन्सुलिन डोळ्यात घालण्याचा प्रयोगही नको. न भरणाऱ्या जखमांसाठी कॉर्नियाचे तज्ज्ञ इन्सुलिनचे खास बनवलेले थेंब वापरतात. ते काम त्यांचंच.

पाचवी पायरी: थेंब घालायची रीत

हात साबणाने धुऊन कोरडे करा. डोकं मागे टेका, नाहीतर सरळ आडवे व्हा. एका बोटाने खालची पापणी जराशी ओढली की आत एक खोलगट जागा दिसते, तिथे एकच थेंब टाका. बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना लागता कामा नये. डोळा अलगद मिटा, करकचून नाही, आणि नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरा. दोन-तीन थेंब टाकल्याने जास्त गुण येत नाही. डोळ्यात एका थेंबाचीही जागा जेमतेम असते, बाकीचं गालावर येतं. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये ५ ते १० मिनिटं जाऊ द्या, मलम सर्वांत शेवटी.

ज्यांना थेंब पडला की नाही हेच जाणवत नाही, त्यांनी बाटली थोडा वेळ फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून बघावी, अर्थात लेबलवर तशी मनाई नसेल तर. गार थेंब लागलेला कळतो. हात थरथरत असेल तर बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळावर टेकवा, किंवा घरातल्या कोणाला तरी सांगा. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख पेनाने तिच्यावरच लिहा. बहुतेक बाटल्या उघडल्यावर महिनाभरात संपवायच्या असतात, छापलेली एक्स्पायरी पुढची असली तरी.

सहावी पायरी: शेक, आणि त्यातला धोका

पापण्यांच्या कडेला तेल अडकलं असेल तर शेक खरंच उपयोगी पडतो. स्वच्छ सुती कपडा गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर ५ ते १० मिनिटं ठेवायचा. गार झाला की पुन्हा बुडवायचा. नंतर बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, अशी केसांच्या दिशेने हळुवार चोळायची, म्हणजे घट्ट झालेलं तेल बाहेर येतं. डोळ्याच्या गोळ्यावर दाब द्यायचा नाही.

कोरड्या डोळ्यांसाठी हा उपाय सगळेच सांगतात. मधुमेही माणसाला मात्र तो एका अटीवर सांगायला हवा. माझ्या आत्याच्या बोटांना बधिरपणा आहे. ती कपडा पिळते तेव्हा तिला तो कोमट लागतो, आणि तोच कपडा माझ्या हातात आला की चटका बसतो. पापणीची कातडी फार पातळ असते. म्हणून बोटं बधिर असतील तर कपड्याचा गरमपणा स्वतःच्या बोटांनी ठरवू नका. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावा आणि मगच द्यावा. एकटे राहत असाल तर पाण्याला थर्मामीटर लावा, ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पुरे. आत्याचा कपडा आता मीच पिळते.

पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण दिसत असतील तर ते रोज ओल्या, स्वच्छ कापसाने पुसून काढा. काजळ घालत असाल तर हे उपचार चालू असेपर्यंत बंद ठेवा.

सातवी पायरी: वारा, धूर, स्क्रीन

पंख्याचा, एसीचा किंवा कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊ नका. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कूलरपुढे झोपणं सुटणार नाही, तर निदान त्याचं तोंड पायांकडे करा. आखाती देशांतला दिवसभरचा एसी आणि थंड देशांतला हीटर हेही अश्रू तितकेच सुकवतात. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली. चुलीचा, उदबत्तीचा, विडी-सिगारेटचा धूर टाळा.

स्क्रीनकडे बघताना पापण्या निम्म्याहूनही कमी लवतात आणि पुष्कळदा अर्धवटच मिटतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब बघा आणि त्या वेळात पापण्या पूर्ण, सावकाश मिटा. झोपेत डोळे अर्धवट उघडे राहतात का, ते घरच्यांना एकदा बघायला सांगा. मधुमेहात चेहऱ्याची एक बाजू लुळी पडण्याचं प्रमाणही जास्त असतं. अशा वेळी डोळा मिटत नाही आणि कॉर्निया झपाट्याने सुकतो, तेव्हा चेहऱ्याच्या उपचारासोबत डोळाही लगेच दाखवायचा.

ओमेगा-३ च्या कॅप्सूलवर खर्च करायचा असेल तर आधी एक माहीत असू द्या. अमेरिकेतल्या ड्रीम नावाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, वर्षभर ओमेगा-३ घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा काही जास्त फायदा झाला नाही. मासे, जवस जरूर खा, पण उपचार म्हणून त्यावर विसंबू नका.

आणि साखर. ती आटोक्यात आली म्हणून बधिर झालेल्या नसा महिन्याभरात पूर्ववत होत नाहीत. पण साखर चढीच राहिली तर वर सांगितलेले सगळे उपाय अर्धवट पडतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना एचबीए१सीचा ताजा रिपोर्ट दाखवा आणि शुगरच्या डॉक्टरांना डोळ्यांचा कागद. दोघांना एकमेकांचं कळवणारे बहुधा आपणच असतो.

त्याच दिवशी जायचं, उद्या नाही

डोळा लाल होऊन दुखणं, उजेड अजिबात न सोसणं, घाण येणं, दृष्टी एकाएकी कमी होणं, डोळ्यापुढे काळे ठिपके, चमका किंवा पडदा आल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना गाठा. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, ज्याला आपल्याकडे फूल पडलं म्हणतात, तर तो दुखत नसला तरी थांबू नका. मधुमेहात न दुखणारी जखमच जास्त फसवते.

शेतात काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. उसाची पात डोळ्याला लागली, मळणीत तूस उडालं, तर अशा जखमेतून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, चोळू नका, घरातली जुनी बाटली घालू नका आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. शुगर आहे हे तिथे पहिल्यांदा सांगा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर

ऑपरेशनआधी डोळ्याची मापं घेऊन भिंगाचा नंबर ठरवतात. कॉर्निया कोरडा असेल तर ती मापं चुकू शकतात आणि मग ऑपरेशन उत्तम होऊनही हवं तसं दिसत नाही. ऑपरेशनच्या छेदाने कॉर्नियाच्या काही नसा कापल्या जातात, त्यामुळे पुढचे काही आठवडे-महिने कोरडेपणा वाढतो, आणि मधुमेहात जरा जास्तच. पडद्यावर लेझर झालं असेल तरी नसांवर परिणाम झालेला असू शकतो. म्हणून मापं घेण्याच्या दिवसाआधीच कोरडेपणाची तपासणी करून घ्या. कोरडेपणा निघाला तर काही आठवडे उपचार घेऊन मग मापं घ्यायला सांगा. दृष्टीला तातडीचा धोका नसेल तर मोतीबिंदू तेवढे दिवस थांबू शकतो. ऑपरेशननंतर आधीचे कृत्रिम अश्रू कधी पुन्हा सुरू करायचे, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून मागा.